मूळ देश: इटली

१६ फेब्रुवारी, शनिवार

आज शटर उघडलं. माझा नवरा बहगत गेल्यापासून ते बंद होतं आणि पट्ट्या गंजल्या होत्या. आमचा स्वयंपाकी उस्ता झनाती, त्यानं तेल सोडलं, मी खालून रेटा दिला, शटर वर गेलं. रडारड झाली नाही. नवरा गेला की बायकोनं दुकान विकावं आणि बाल्कनीत बसून रस्ता बघावा, अशी आमच्या सगळ्या शुब्रा मोहल्ल्याची अपेक्षा दिसते. मी आयुष्यभर मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. रस्ता बघत बसायची मला सवय नाही.

हाज्जा तफीदा, माझी नणंद, हजर होतीच. बहगतचं हे कोशरीचं, म्हणजे डाळ-भात-मॅकरोनीच्या वाडग्याचं, दुकान आता निम्मं तिचं, निम्मं माझं. तिला ही जागा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका माणसाला द्यायची आहे.

“इन्साफ, तुला कोशरी करता येते का गं?” तिनं रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. “तुम्ही अलेक्झांड्रियाची माणसं. तुमची कोशरी पिवळी. तसली आम्ही इथं तापकऱ्याला देतो.”

“कोशरी झनाती करणार आहे. मी दुकान चालवणार आहे.”

“आणि नाही चाललं तर?”

मी म्हटलं, अट घाल. तिनं घातली. वसंतातल्या शम्म अल-नसीमच्या सणापर्यंत मुदत. तोवर मोठं पातेलं रोज दुपार उतरतानाच्या असरच्या बांगेआधी रिकामं व्हायला लागलं तर दुकान कोशरीचं. नाही झालं तर मोबाइलवाल्याचं. मी लगेच हो म्हटलं. झनातीनं कपाळाला हात लावला. तो बहगतच्या हाताखाली तयार झालेला माणूस, कांदा उत्तम तळतो, पण धीर कमी.

२० फेब्रुवारी, बुधवार

पातेलं असरनंतरही अर्धं राहतं. चव बिघडलेली नाही. लोकांना आपण काय खातो हेच माहीत नाही, म्हणून कदर नाही. हा दोष शिक्षणानं जातो.

शाळेच्या अडगळीतून जगाचा एक जुना नकाशा मागून आणला. भिंतीवर लावला आणि जाड लाल दोऱ्यांनी सगळे देश शुब्राशी जोडले. तांदूळ पूर्वेकडून आला. डाळ-तांदूळ एकत्र शिजवायची रीत आणि नाव हिंदुस्थानातलं. तिकडे हिला खिचडी म्हणतात आणि इंग्रजांच्या फौजेबरोबर ती इकडे आली, असं मी वर्गात सांगत आले. ज्याची हरकत असेल त्यानं पुरावा आणावा. मॅकरोनी इटलीची, आमच्या अलेक्झांड्रियात माझ्या लहानपणापर्यंत इटालियन माणसं दुकानं मांडून बसलेली होती. टोमॅटो आणि मिरची अमेरिकेतली. हरभरे ईशान्येकडच्या शाम देशाच्या बाजूचे. मसूर आणि कांदा आमचा.

झनाती नकाशा बघत होता. तोही मला माझ्या विद्यार्थिनींसारखं अब्ला, म्हणजे बाई, म्हणतो.

“अब्ला, मग आपण नेमकं काय केलं?”

“आपण हे सगळं एका वाडग्यात घातलं. दुसऱ्या कुणाला सुचलं का?”

त्याला ते पटलेलं दिसलं. दुपारभर तो नेहमीपेक्षा जोरात वाडग्यांवर पळी वाजवत होता.

२३ फेब्रुवारी, शनिवार

नकाशाचा परिणाम होतो आहे. लोक वाचतात. वाचून बोलतात, तेही ठीक. एका जाड्या माणसानं ऑर्डर देऊन जरा वेळ झाल्यावर ओरडून विचारलं, “अब्ला, माझी मॅकरोनी अजून रोमलाच आहे का?” दुसरा म्हणाला, “टोमॅटो अमेरिकेचा आहे ना, व्हिसा मिळाला नसेल.” मी सांगितलं, की टोमॅटो दक्षिण अमेरिकेतला आहे, रोमला समुद्र लागत नाही, आणि जेवताना तोंड बंद ठेवावं. दोघंही आज परत आले. मित्रांना घेऊन आले.

तफीदा रोज येते. दुपारच्या जोहरच्या नमाजानंतर येते, नकाशाखालच्या खुर्चीत बसते, वाडगाभर कोशरी खाते, कांदा कमी आहे म्हणते आणि असरपर्यंत हलत नाही. तिची मुलगी कुवेतला गेल्यापासून तिला घरी काही काम नाही, म्हणून हेरगिरीला भरपूर वेळ मिळतो. मी तिच्याकडे लक्ष देत नाही. तिला वाडगा मात्र भरून देते. हेरालाही उपाशी ठेवू नये.

२७ फेब्रुवारी, बुधवार

मोठा दिवस. माझी एक जुनी विद्यार्थिनी अलेक्झांड्रियाच्या बंदरावर परदेशी मालाचा व्यापार करते. तिनं माझ्या शब्दाखातर इटलीच्या मॅकरोनीची खोकी पाठवली. भिंतीवर इटलीपर्यंत दोरा लावायचा आणि वाडग्यात इथल्याच ‘दहावा रमजान’ नावाच्या शहरातल्या कारखान्याची मॅकरोनी घालायची, हे मला बरोबर वाटेना. पाकिटावर अरबीत चिठ्ठी चिकटवलेली आहे. मूळ देश: इटली. भूगोलाच्या बाईला एवढं पुरे.

रंग सुरेख आहे. अगदी बलकासारखा पिवळा. आपली मॅकरोनी हिच्याशेजारी आजारी दिसते. झनाती म्हणाला, “अब्ला, ही जरा गर्विष्ठ आहे. भातात मिसळत नाही, आपापसात चिकटून बसते.” मी म्हटलं, तिला सवय होईल.

४ मार्च, सोमवार

आजपासून ख्रिस्ती शेजाऱ्यांचा मोठा उपास सुरू. त्यांच्या ईदपर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, मांस नाही, दूध नाही, तूप नाही, अंडं नाही. अर्धं शुब्रा आता डाळीवर. कोशरीच्या दुकानाचा हाच हंगाम. बहगत दर वर्षी या दिवशी काचेवर पांढऱ्या रंगानं मोठ्या अक्षरांत एक शब्द लिहायचा: ‘सियामी’, म्हणजे उपासाला चालणारं. आज तो मी लिहिला. माझं अक्षर त्याच्यापेक्षा चांगलं आहे.

पातेलं असरच्या बांगेआधी रिकामं! तफीदानं स्वतः उठून, वाकून तळ पाहिला.

“एका दिवसानं काय होतं?” ती म्हणाली.

“मीही तेच म्हणते,” मी म्हटलं. “उद्या ये.”

९ मार्च, शनिवार

आठवडाभर पातेलं वेळेत रिकामं. वर राहणारी ख्रिस्ती शेजारीण युजेनी रोज तिच्या जिन्यावरच्या बायकांना घेऊन येते. ही माझी शुब्रातली सर्वांत जुनी ओळख. मी लग्न होऊन आले तेव्हा तिनंच मला इथला बाजार दाखवला. शाळेच्या नोकरीत मला वेळ नसायचा आणि तिला कधी काम नसायचं. ती फार बोलते, पण मनानं वाईट नाही.

नवीन गिऱ्हाइकांत एक वहबा नावाचा मायक्रोबसचा ड्रायव्हर आहे. शुब्रा ते रामसेस अशी गाडी चालवतो. तोही उपास धरतो, सकाळपासून पाणीसुद्धा घेत नाही, दुपार उलटल्यावर आमच्या दारात गाडी लावतो आणि उभ्यानं खातो. मी विचारलं, एवढं कडक कशाला? ड्रायव्हरनं उपाशीपोटी गाडी चालवणं बरं नव्हे.

“बायकोच्या हृदयाचं ऑपरेशन आहे, अब्ला. ईदनंतर. मी नवस बोललोय. हा उपास पुरा करायचा, एक दिवस नाही मोडायचा.” मग वाडगा पुढे करून म्हणाला, “म्हणून तर तुमच्याकडे येतो. काचेवर तुमच्या हातानं लिहिलंय. शिक्षकाचं अक्षर आहे, हे लांबून कळतं.”

समंजस माणूस. त्याला जास्तीची मॅकरोनी घातली.

१४ मार्च, गुरुवार

युजेनी एक रिकामं खोकं मागून घेऊन गेली. थंडीचे स्वेटर भरून ठेवायचे आहेत म्हणे. मी म्हटलं, दोन ने. इटलीची खोकी मजबूत असतात.

१७ मार्च, रविवार

युजेनीनं आज मॅकरोनी नको म्हणून सांगितलं. फक्त भात, डाळ, हरभरे, कांदा. दात दुखतात म्हणाली. पुढे तासभर आमच्याच पायरीवर बसून भोपळ्याच्या बिया दातांनी फोडत होती. या बाईला कसलीच शिस्त नाही.

२१ मार्च, गुरुवार

आज मातृदिन. जुन्या विद्यार्थिनी फुलं घेऊन आल्या, एक तर मन्सूराहून. मला मूल नाही, तरी या दिवशी माझ्याकडे फुलदाण्या कमी पडतात. तफीदाला कुवेतहून फोन आला होता. दुकानात बसूनच बोलली आणि नंतर डोळ्यांत तिखट गेलं म्हणाली. तिखटाची बाटली तिच्यापासून बरीच लांब होती.

युजेनीच्या जिन्यावरच्या सगळ्याच बायकांना मॅकरोनी नको झाली आहे. एकीला साखरेचा त्रास, एकीला पित्त, तिसरी म्हणाली, डॉक्टरनं सांगितलंय. कुठल्या डॉक्टरनं, विचारल्यावर तिला नाव आठवेना. टीव्हीवर कुणीतरी मॅकरोनीविरुद्ध बोललं असावं. हल्ली लोक कुणाचंही ऐकतात.

पातेलं मात्र वेळेत रिकामं होतं आहे. भात-डाळीचं. मॅकरोनीची परात अर्धी उरते.

२६ मार्च, मंगळवार

शेजारच्या चर्चचे पाद्री अबूना सराबामून स्वतः दुकानात आले. उंच, सावकाश बोलणारे. रविवारच्या शाळेतल्या मुलांसाठी ईदपर्यंत दर आठवड्याला मोठी ऑर्डर दिली. आणि जाता जाता म्हणाले, “मॅकरोनी घालू नका, अब्ला. पोरं एकमेकांना फेकून मारतात.”

“ते शिस्तीनं सुटेल, अबूना. मला एक रविवार द्या.”

“नको, नको,” ते घाईनं म्हणाले. “भात पुरे.”

तफीदा खुर्चीतून माझ्याकडे बघत होती. नंतर तिनं विचारलं, “ती इटलीची मॅकरोनी उरते, त्याचं काय करतेस?”

“उद्या वापरते.”

“बदलून का नाही टाकत?”

“चार माणसं नको म्हणतात म्हणून?”

“चार नाहीत गं ती,” तफीदा म्हणाली आणि वाडग्यात बघत राहिली. बोलायला काही उरलं नाही की ती असं करते.

२ एप्रिल, मंगळवार

कारण माझ्या लक्षात आलं. शुब्राला पिढ्यानपिढ्या शिजून मऊ झालेल्या मॅकरोनीची सवय आहे. खरी, ताठ मॅकरोनी तोंडात आली की त्यांना ती कच्ची वाटते, आणि शिक्षिकेसमोर तसं बोलायला संकोच वाटतो. मुसलमान गिऱ्हाइकं आणि बाहेरचे लोक खातात, उपासवाले शेजारी खात नाहीत, याचं कारण एवढंच, की शेजारी एकमेकांचं बघून वागतात. एक फलक लिहून भिंतीवर लावणार आहे: मॅकरोनी कुठून आली, कशी खावी.

झनाती म्हणतो, लावू नका. का, ते सांगत नाही. मान खाली घालून कांदा चिरतो.

१६ एप्रिल, मंगळवार

फलकासाठी मला त्या इटलीतल्या गावाचं नाव हवं होतं. सकाळी चष्मा लावून पाकीट खिडकीशी नेलं आणि चिठ्ठी पूर्ण वाचली.

मूळ देश: इटली. त्याच्याखाली आयात करणाऱ्याचं नाव. त्याच्याखाली: घटक, कठीण गव्हाचा रवा, अंडी.

अरबीत. अक्षरं बारीकही नव्हती.

मी स्टुलावर बसले. दात. साखर. पित्त. फेकून मारणारी पोरं. एकामागून एक सगळं समोर येऊन उभं राहिलं, वर्गात मुली हजेरीला उभ्या राहतात तसं. काचेवरचा ‘सियामी’ आतून उलटा दिसत होता, माझ्या चांगल्या अक्षरात.

झनातीला विचारलं, तुला माहीत होतं? तो म्हणाला, “मला वाचता येतं, अब्ला, पण मी वाचलं नव्हतं. मागच्या महिन्यात वरच्या युजेनीताईंनी सांगितलं. म्हणाल्या, बाईंना सांगशील तर तुझी माझी गाठ आहे.”

मॅकरोनीची उरलेली सगळी खोकी मागच्या खोलीत ठेवायला सांगितली. आज तिच्याशिवाय वाढलं.

१७ एप्रिल, बुधवार

वर युजेनीकडे गेले. ती ईदच्या बिस्किटांसाठी साचे धूत होती. मी बसले नाही.

“कधीपासून माहीत आहे?”

तिनं कसलं, म्हणून विचारलंसुद्धा नाही. “खोकं नेलं त्या दिवसापासून. स्वेटर भरताना वरची चिठ्ठी वाचली.”

“आणि गप्प बसलीस?”

“मग काय करू? तुला सांगू?” ती साचा आपटून म्हणाली. “इन्साफ, तुला आजवर कुणी काही सांगितलंय का? माझ्या पोरीला, मोनाला, तू शून्य दिलंस. का, तर म्हणाली, नाईल वर वाहतो!”

“वर वाहत नाही. उत्तरेला वाहतो.”

“बघ! बघ!”

ती हात पुसत जवळ आली. “अगं, आम्ही सगळ्या बायकांनी मिळून ठरवलं. कोशरीत सगळं वेगवेगळं शिजतं, वरून थर लावतात. मॅकरोनी वगळली की उपास शाबूत. तुझा मान शाबूत. पातेलं रिकामं झालं पाहिजे हे आम्हाला ठाऊक होतं. माझी सून रोज दोन वाडगी नेते, तिला कोशरी आवडतसुद्धा नाही.”

“आणि बाहेरची माणसं? तुमच्या जिन्यावर न राहणारी? ती रोज मॅकरोनी खातात.”

युजेनीचा चेहरा उतरला. “बाहेरच्यांचं… बाहेरच्यांचं नाही गं सुचलं.”

तिच्याबरोबर तशीच अबूनांकडे गेले. त्यांनी चहा मागवला.

“नकळत खाल्लं, अब्ला. ज्यांनी खाल्लं त्यांना दोष नाही. देव अंडी मोजत नाही.”

“मी मोजते.”

“मॅकरोनी बदला आणि पुढे चला. आता थोडेच दिवस उरलेत. हे तोंडानं सांगितलंत तर तुमच्या दाराशी कोण येईल? तो मोबाइलवाला टपूनच बसलाय.”

“अबूना, तुम्हालाही मोबाइलवाला माहीत आहे?”

ते दाढी खाजवत म्हणाले, “शुब्रात कुणाला माहीत नाही?”

परत येताना विचार केला. गप्प बसणं सोपं आहे. दुकान राहील. युजेनी खूश, अबूना खूश. आणि तो वहबा रोज उन्हातून येऊन माझं अक्षर वाचून वाडगा हातात घेईल. मुलींना मी एक गोष्ट कधीच करू दिली नाही: चूक झाली की पान फाडायची. पान तसंच राहू द्यायचं, चुकीवर रेघ मारायची, बरोबर उत्तर शेजारी लिहायचं.

१८ एप्रिल, गुरुवार

काच धुतली. भांडी उकळत्या पाण्यात घातली. झनातीनं कारखान्याची जुनी मॅकरोनी आणली. मग मी काउंटरसमोर, रस्त्याच्या बाजूला उभी राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला, पैसे घेण्याआधी, सांगितलं: मार्चपासून या सोमवारपर्यंत आमच्या मॅकरोनीत अंडी होती. काचेवर सियामी लिहिलं होतं. ते खोटं होतं. चूक माझी, स्वयंपाक्याची नाही. आज नाही. आता हवी असेल तर घ्या.

आवाज वर्गातला लावला. दबक्या आवाजात सांगितलेलं कुणाला ऐकू जात नाही.

मुसलमान गिऱ्हाइकं म्हणाली, आम्हाला काय त्याचं, वाढा. तो जाडा माणूस म्हणाला, “अब्ला, म्हणजे इतके दिवस अंडं फुकट दिलंत!” एका बँकेतल्या मुलीनं तोंडावर हात ठेवला आणि निघून गेली. एक म्हातारा माझ्यावर ओरडला. त्याच्याबरोबरचा आणखी मोठ्यानं ओरडला: तुम्ही लोक आमच्या उपासाची थट्टा करता. मी म्हटलं, थट्टा नाही, निष्काळजीपणा. तो थुंकून गेला. पायरीवर थुंकला, अंगावर नाही.

तफीदा खुर्चीत होती. तिनं आज कांद्याबद्दल काही म्हटलं नाही.

मग वहबाची गाडी लागली. त्यालाही तेच वाक्य, त्याच आवाजात सांगायला सुरुवात केली. मध्येच थांबले. पाणी प्यायले आणि पुरं केलं.

मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवले, तरी तो हलला नाही.

“रोज?” त्यानं विचारलं.

“रोज. तुला जास्तीची घालत होते.”

त्यानं हातातला वाडगा काउंटरवर अगदी हळू ठेवला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. गाडीत बसला आणि गेला.

२० एप्रिल, शनिवार

पातेलं निम्मं. काल निम्म्याहून जास्त उरलं होतं. अबूनांचा अंदाज बरोबर होता.

युजेनी आणि तिचा जिना येतो. मॅकरोनी घालून घेतात आणि माझ्यासमोर मोठ्यानं चावून खातात. काहीतरी दाखवायचं आहे त्यांना, पण काय, ते मला कळलं नाही. मॅकरोनी एवढी चावावी लागत नाही.

२१ एप्रिल, रविवार

आज त्यांचा झावळ्यांचा रविवार. रस्ताभर पोरं खजुरीच्या पात्यांच्या टोप्या घालून हिंडत होती.

दुपारी वहबा आला. गाडीशिवाय, चालत, धुतलेल्या शर्टात.

“अब्ला, मी अबूनांना विचारलं. ते म्हणतात, मोडला नाही, तू जाणून खाल्लं नाहीस. पण मी नवस त्यांच्याकडे बोललो नव्हतो.”

“बरोबर.”

“ईदनंतर पन्नास दिवस आमच्यात उपास करताच येत नाही, आनंदाचे दिवस असतात. त्यानंतर जूनमध्ये दुसरा उपास येतो. तो पूर्ण धरीन. त्यात मासे चालतात, तेही न खाता.” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “इथंच जेवीन. दुसरीकडे काय घालतात, कुणी सांगत नाही. तुम्ही सांगता.”

मी म्हटलं, “जूनमध्ये पातेलं इथंच असेल.”

तो गेल्यावर लक्षात आलं, की ही जागा निम्मीच माझी आहे आणि मुदत पुढच्या सोमवारी संपते. तफीदानं सगळं ऐकलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं चमच्यानं वाडग्याचा तळ खरवडला.

पहिल्यांदाच मला काय करावं सुचलं नाही. ते इथं लिहून ठेवते. इतर कुठे सांगणार नाही.

२८ एप्रिल, रविवार

आज ईद. युजेनीनं बिस्किटं आणि शिजवलेल्या मांसाचं ताट पाठवलं. पूर्ण आठवडा पातेलं एकदाही वेळेत रिकामं झालं नाही.

२९ एप्रिल, सोमवार

शम्म अल-नसीम. सगळं शुब्रा खारवलेला मासा, ओला कांदा आणि रंगवलेली अंडी घेऊन नदीकाठी गेलं आहे. कोशरी खाण्याचा वर्षातला सर्वांत वाईट दिवस. तफीदानं नेमका हाच दिवस का निवडला असेल, ते आता कळतं. धूर्त बाई.

तरी मी दुकान उघडलं. अट म्हणजे अट. जोहरनंतर तफीदा आली, एकटीच. मी पातेल्याचं झाकण काढून दाखवलं. काठापर्यंत भरलेलं.

“तू जिंकलीस,” मी म्हटलं. “बोलाव त्याला.”

“तो नदीवरच्या कनातिरला फिरायला गेलाय, बायकापोरांना घेऊन. सणाच्या दिवशी कोण कव्हरं विकतं?” ती खुर्चीत बसली. “वाढ. एवढी केलीयस तर.”

दोघी जेवलो. रस्त्यावर एक मांजर होतं, बाकी कुणी नव्हतं. कांदा कमी आहे म्हणाली.

२ मे, गुरुवार

सकाळी वहबा आला. ऑपरेशन झालं. बायको शुद्धीवर आली आणि तिनं पहिलं विचारलं, गाडी कुठे लावलीस? तो हसत होता आणि डोळे पुसत होता. मी त्याला दवाखान्यात न्यायला डाळ-भाताचा डबा दिला, तिखटाशिवाय. नवस फिटला असं मी सुचवून पाहिलं. तो म्हणाला, “देवानं त्याचं केलं, अब्ला. माझं बाकी आहे.” मला उत्तर आवडलं.

दुपारी तफीदाशी बोलायचं ठरवलं. जूनपर्यंत मुदत मागायची. मी कधी कुणाकडे काही मागितलेलं नाही, म्हणून वाक्य आधी मनात जुळवून ठेवलं होतं. तेवढ्यात तीच म्हणाली,

“तो ड्रायव्हर. त्याचा तो पुढचा उपास कधी?”

“जूनमध्ये सुरू होतो. जुलैत संपतो.”

“हं.” तिनं वाडग्यात लसणीचं पाणी ओतलं. “सोमवारपासून आपला रमजान. रमजानात जागा रिकामी करणं बरं दिसत नाही. पुढे लगेच जून. तू त्याला सगळ्यांसमोर शब्द देऊन बसलीस, आणि बहगतच्या दुकानातून दिलेला शब्द मोडला तर लोक मला नावं ठेवतील, तुला नाही. मी मोबाइलवाल्याला सांगते, जुलै संपला की ये.”

“तो थांबेल?”

“नाही थांबला तर दुसरा बघीन. कव्हरं विकणारे काय कमी आहेत?”

एवढं बोलून ती झनातीवर ओरडली, की आज तरी कांदा घाल, मुठीनं घाल, चिमटीनं नको.

मी काउंटरवर परत आले. जुलै संपला की ऑगस्टमध्ये शेजाऱ्यांचा मरियमचा उपास सुरू होतो. तो झाला की नोव्हेंबरपासून नाताळचा उपास. त्याच्यापुढे पुन्हा वसंतातला मोठा उपास. म्हणजे तिच्या मोबाइलवाल्याला जुलैनंतरही जागा मिळणं कठीणच. शुब्रात जन्मलेली, सगळं आयुष्य याच गल्लीत काढलेली बाई, तिला एवढंही माहीत नाही, याचं मला नवल वाटलं.

मी तिला ते सांगितलं नाही. तिचा वाडगा भरून दिला.